विकेंद्रित समाजमाध्यमे आणि सामुदायिक सुरक्षितता : मॅस्टोडॉनच्या ‘सर्व्हर करारनाम्या’ची चिकित्सा

विकेंद्रित समाजमाध्यमांत सत्ता एका कंपनीच्या हाती एकवटत नाही. म्हणून दुर्बल घटकांना तेथे अधिक संरक्षण मिळते, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासण्याच्या दृष्टीने मॅस्टोडॉनचा मे २०१९ मधील ‘सर्व्हर करारनामा’ महत्त्वाचा ठरतो.

युजेन रॉख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे स्वतंत्र, परंतु परस्परांशी जोडलेल्या सर्व्हरांचे जाळे आहे. प्रत्येक सर्व्हरचे नियम त्याचा चालक ठरवितो. अधिकृत यादीत समावेश हवा असल्यास मात्र करारनाम्याच्या चार अटी पाळाव्या लागतात : वंशद्वेष, लिंगभेद, समलैंगिकद्वेष व पारलिंगीद्वेष यांविरुद्ध सक्रिय नियमन, माहितीची दररोज राखीव प्रत, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकणारी आणखी किमान एक व्यक्ती, आणि सर्व्हर बंद करण्यापूर्वी तीन महिन्यांची पूर्वसूचना.

या रचनेचे सामर्थ्य जुलै २०१९ मध्ये दिसून आले. अतिउजव्या गटांचे ‘गॅब’ मॅस्टोडॉनच्या मुक्त आज्ञावलीवर आले, तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. उपद्रव एकाच ठिकाणी एकवटलेला असल्यास असा बहिष्कार परिणामकारक ठरतो.

परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातील अनेकांनी ट्विटर सोडून मॅस्टोडॉनची वाट धरली. ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे खाते निलंबित होणे हे त्याचे तात्कालिक कारण होते. त्याचबरोबर ट्विटरच्या जातीय पक्षपाताबद्दलचा रोषही त्यामागे होता. करारनाम्याच्या पहिल्या अटीत मात्र ‘जात’ हा शब्दच नव्हता. मॅस्टोडॉनच्या मुख्य सर्व्हरच्या नियमांत पुढे जातिभेदाचा स्पष्ट निषेध आढळतो, ही स्वागतार्ह बाब होय. तरीही तो एका सर्व्हरचा नियम आहे, सर्वांची अट नव्हे.

शिवाय शब्दांच्या समावेशाने प्रश्न सुटत नाही. जातीय अवमान पुष्कळदा शिवीतून नव्हे, तर आडनावाच्या चौकशीतून वा आरक्षणावरील टोमण्यातून व्यक्त होतो. तो ओळखण्यास भाषेची आणि समाजाची जाण लागते. ती अनेकदा विनावेतन काम करणाऱ्या, दूरदेशीच्या मॉडरेटरकडे असेलच असे नाही. सर्व्हर बदलण्याचे स्वातंत्र्य पीडिताला असते. पण स्थलांतर म्हणजे न्याय नव्हे.

तात्पर्य, विकेंद्रीकरणाने सत्तेची विभागणी होते, तशीच जबाबदारीचीही होते. ती पेलणारे मनुष्यबळ ज्या भाषेत नाही, त्या भाषेतील सुरक्षितता कागदावरच राहते.