सहकार्याची कसोटी : ‘निवेदन’चे पुनर्वाचन

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) हे आत्मचरित्र बहुधा एका एकाकी पुरुषाच्या चिकाटीची कथा म्हणून वाचले जाते. गोव्यातील सांखवाळचा एक तरुण १८९९ मध्ये घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा प्रवास करतो आणि पालीचा पंडित होतो. हे वाचन खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे आमचे मत आहे.

मज्झिमनिकायातील चूळगोसिंगसुत्तात अनुरुद्ध, नंदिय व किम्बिल हे तीन भिक्खू एकत्र राहतात. भिक्षेहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो सारे आवरतो. घागर एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलावले जाते. दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चा होते. तिघांची प्रगती या घागरीपासून वेगळी काढता येत नाही. हीच कसोटी आम्ही ‘निवेदना’स लावू इच्छितो.

कोसंबी सिंहलास गेले ते स्वतःच्या ज्ञानतृष्णेपोटी. परंतु विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी घेतलेली विद्या ही पिढ्यान्पिढ्या एकत्र पठण करणाऱ्या संघाची ठेव होती. ती घेणारा मनुष्य पुढे तिचा धनी होऊन बसला नाही, तर वाटेकरी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ या काळात पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी घडले, ते या बदलाचे फळ होय.

सहकार्याची दुसरी बाजू हार्वर्ड येथे दिसते. वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन पुरे करण्यासाठी कोसंबी १९१० मध्ये तेथे गेले. शीर्षकपृष्ठावरील श्रेयाविषयी प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. तरीही ते पुन्हा तेथे गेले व काम पुरे केले. ग्रंथ निघाला १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी; त्यावर वॉरन व कोसंबी अशी दोन्ही नावे आहेत. आपल्या श्रमाचे नाव पुसले जाऊ नये, हा त्यांचा आग्रह न्याय्यच होता.

मात्र हाच न्याय ‘निवेदना’स लावला की एक उणीव जाणवते. घर सोडताना मागे पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी होती. त्यांनी काढलेली वर्षे हादेखील या प्रवासाचा खर्च होता. तो कोसंबी लपवीत नाहीत. पण बाळाबाईंची बाजू त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत येत नाही. या प्रवासाने त्यांच्यात काय पालट झाला, हे कोणी विचारलेच नाही. ग्रंथाचे मोठेपण मान्य करूनही समीक्षकाने हे नोंदविले पाहिजे.

वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ याचे सामुदायिक वाचन होते. वाचणाऱ्याचे नाव फलकावर लागते. सतरंज्या अंथरणाऱ्या, विहार झाडणाऱ्या भगिनींचे नाव लागत नाही. वाचनाची पाळी त्यांच्याकडे कधी येते, हा प्रश्न प्रत्येक विहाराने स्वतःस विचारावा. घागर उचलणाऱ्या हातांसही धम्मचर्चेत समान आसन मिळाले, तरच ते सहकार्य. एरवी ती केवळ सेवा ठरते.