लिनक्समधील यंत्र-संचिका : संज्ञा आणि संज्ञी

९ डिसेंबर २०२३ रोजी दादर स्थानकावरील मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक मिळाले. तत्पूर्वी दोन्ही रेल्वे आपापले फलाट एकपासून मोजीत. सबब नुसते ‘फलाट ३’ म्हणणे अपुरे पडे, रेल्वे कोणती हेही सांगावे लागे. लिनक्स ह्या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीने यंत्रांसाठी योजिलेली अंकपद्धती ह्या जुन्या दादरच्याच जातीची आहे. डिस्क, कळफलक इत्यादी यंत्रांना ‘डेव्ह’ नामक निर्देशिकेत एकेक संचिका मिळते व तीस दोन अंक असतात. पहिला ड्रायव्हर दर्शवितो, दुसरा त्या ड्रायव्हरच्या ताब्यातील विशिष्ट यंत्र. ‘एसडीए’ ही डिस्क ८, ०; तिचा पहिला विभाग ८, १.

‘संचिका’ ह्या पदाविषयी मात्र आक्षेप नोंदविला पाहिजे. यूनिक्सपासून चालत आलेल्या ‘सर्व काही संचिका’ ह्या दंडकामुळे ते रूढ झाले. परंतु हिच्या पोटात साठविलेले असे काहीच नसते. सूचीत इतर संचिकांचा आकार जेथे छापतात, तेथे हिचे दोन अंकच दिसतात. मराठीत हिला ‘खिडकी’ म्हणणे अधिक सार्थ झाले असते. तिकिटाच्या खिडकीप्रमाणे येथे द्यावे, येथूनच घ्यावे. आत काम करणारा निराळाच. तो शब्द संगणकक्षेत्रात आधीच अन्यत्र गुंतला, हे आपले दुर्दैव.

‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे पतंजलीच्या परिभाषेत यदृच्छाशब्दांत जमा होतील. प्रणालीच्या गाभ्यास जी डिस्क आधी आढळली ती ‘ए’. पुढील खेपेस क्रम उलटला, की तेच नाव दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसते. ‘एसडीबी’ पुसून टाकण्याची काल निर्दोष असलेली आज्ञा आज एखाद्याच्या प्रबंधाची एकमेव प्रत नष्ट करू शकते.

ह्यावर ‘डेव्हएफएस’ने नामकरण गाभ्याच्याच हाती ठेवले होते. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी मांडलेल्या ‘यूडेव्ह’ने ते बाहेर काढले: यंत्र आल्यागेल्याची वर्दी गाभ्याने द्यावी, नाव नियमांनी ठरवावे. २००६ मध्ये डेव्हएफएस काढून टाकण्यात आला. वस्तूचे असणे आणि तिचे नाव ह्यांची ही फारकत आम्हांस योग्य वाटते. २००९ साली आलेल्या ‘डेव्हटीएमपीएफएस’मुळे मूळ संचिका पुन्हा गाभाच निर्मू लागला, तरी पर्यायी नावे यूडेव्हच जोडतो.

ह्या पर्यायी नावांचे प्रकार गिरगावच्या चाळीवरून नीट उमगतात. एक नाव खोलीचे, म्हणजे डिस्क ज्या जागी जोडली त्या जागेचे. दुसरे बिऱ्हाडाचे, म्हणजे कारखान्याने दिलेल्या अनुक्रमांकाचे. तिसरे, ज्यास ‘यूयूआयडी’ म्हणतात, ते डिस्कचे नसून तीवरील संचिका-व्यवस्थेचे. जणू बिऱ्हाडातील सामानाचे. शिफारस बहुधा ह्या तिसऱ्याचीच होते, आणि येथेच खरी उणीव आहे. डिस्कची अक्षरशः प्रतिकृती केली तर हे नावही नकलले जाते. मूळ व प्रतिकृती एकाच वेळी जोडल्या असता एका संज्ञेचे दोन संज्ञी होतात, आणि नाव कोणाकडे नेईल ह्याचा भरवसा उरत नाही. प्रतिकृती करणाऱ्याने अशा वेळी अनुक्रमांकाचे नाव वापरावे. ते वाचावयास ओबडधोबड आहे खरे, पण ते डिस्कचे आहे.