मुक्याचा गूळ आणि पावशेर तूप

संतांच्या अनुभवाविषयी कोणी शंका काढली की आपल्याकडे एक दृष्टांत तयार असतो : मुक्याने गूळ खाल्ला, त्याने गोडी कशी सांगावी? दृष्टांत खरा आहे. पण हल्ली तो शंका विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठीच अधिक वापरला जातो. मुक्याला गोडी सांगता येत नसेल, पण गूळ कोणी दिला, कुठे दिला, हे तो खुणेने सांगतोच. तुकोबारायांनी तेवढे स्वच्छ सांगून ठेवले आहे.

गुरुकृपेचा त्यांचा अभंग पाहावा. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला. राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरेची खूण, बाबाजी हे स्वतःचे नाव आणि रामकृष्णहरि हा मंत्र सांगितला. तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. शिवाय भोजनासाठी पावशेर तूप मागितले, त्याचा मात्र विसर पडला. आणि हे सारे स्वप्नात. आपल्या हातून सेवा काहीच घडली नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

थोरवी मिरवणारा माणूस तुपाचा विसर कशाला सांगेल? साक्षीला मोल येते ते अशाच तपशिलाने. पण निरूपणात पुष्कळदा तूप गळते, स्वप्न हा शब्द पुटपुटत उरकला जातो, आणि प्रकाश, सुगंध, आकाशवाणी पदरची घातली जाते. मग ऐकणारा पदरच्या मालावर बोट ठेवतो, आणि त्यासरशी तुकोबांची मूळ साक्षही खोटी ठरते.

आता शंका घेणाऱ्याची बाजू. स्वप्नाला दुसरा साक्षीदार नसतो, हे त्याचे म्हणणे रास्त आहे. तूप विसरल्याने सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा दिसतो. बाबाजी खरोखर आले होते, हे त्याने सिद्ध होत नाही. इथेच दोघांची वाट फुटते. तो विचारतो, ‘बाहेर काय घडले?’ अभंग सांगतो, ‘माझ्यावर कृपा झाली.’ एकाला घटनेचा पुरावा हवा, दुसरा उपकाराचे निवेदन करतो. प्रश्न एका गावचा, उत्तर दुसऱ्या गावचे. मग वाद वाढतो आणि हाती काही लागत नाही.

तरीही बोलणे अगदीच खुंटते असे नाही. तुकोबांनी स्वप्न स्वतःचे म्हणून सांगितले, पण मंत्र सर्वांपुढे उघडा ठेवला. स्वप्न एकाचे, नाम सर्वांचे. आज फडावर टाळकरी रामकृष्णहरि म्हणतात, त्यांना ते स्वप्न पडलेले नाही. नाम घेण्यासाठी आधी स्वप्नावर सही करावी, अशी अट अभंगात कुठेही नाही.

कीर्तन संपल्यावर एखादा कॉलेजातला मुलगा जवळ येऊन विचारतो, ‘महाराज, हे खरेच घडले का?’ त्याला नास्तिक म्हणून झिडकारले तर तो मंडपाकडे पुन्हा फिरकणार नाही, आणि आपल्या माघारी वीणा कोणाच्या गळ्यात द्यायची, हा प्रश्न आपलाच आहे. त्याला सांगावे, ‘बाळा, तुकोबा स्वप्न म्हणतात, तू स्वप्नच म्हण. तूपही विसरू नकोस. मग बैस, चार दिवस नाम घेऊन पाहा.’ त्यापुढचे त्याने ठरवावे.

रामकृष्णहरि.