निर्बंधांचा जमाखर्च : प्लेगचे पुणे आणि म्हैसूर प्रांतातील ‘गृहभंग’

साथीच्या रोगांचे साहित्यातील चित्रण अभ्यासताना मृत्यू, भय आणि दैवी कोप या आशयसूत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. साथ रोखण्यासाठी घातलेले निर्बंध, आणि त्यांचे मोल कोणी व किती चुकविले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. मार्च २०२० मध्ये ज्या कायद्याचा आधार अनेक राज्यांनी घेतला, तो साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ मधील, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या पार्श्वभूमीवर झालेला होता. त्यामुळे त्या काळाच्या वाङ्मयीन स्मृतीची नव्याने तपासणी अगत्याची ठरते.

मराठीतील ही स्मृती मुख्यतः पुण्याभोवती गुंफलेली आहे. रँडच्या प्लेग समितीने चालविलेली घरझडती, सोवळ्याओवळ्याच्या जागी शिरणारे गोरे शिपाई, रुग्णांची सक्तीची रवानगी, २२ जून १८९७ चा गणेशखिंडीतील गोळीबार आणि चापेकरांची फाशी अशी या कथनाची चढती कमान आहे. या कमानीमुळे प्लेग हा राष्ट्रवादाचा पूर्वरंग ठरतो आणि निर्बंधांच्या युक्तायुक्ततेचा प्रश्न मागे सरतो. वस्तुतः तत्कालीन लेखन याहून गुंतागुंतीचे आहे. टिळकांचा रोष मुख्यत्वे अंमलबजावणीच्या रीतीवर होता. ते शहर सोडून गेले नाहीत आणि त्यांनी हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ चालविण्यात पुढाकार घेतला. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांवर केलेले आरोप त्यांना सिद्ध करता आले नाहीत आणि परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी पुण्याच्या प्लेगव्यवस्थेतील स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी जाहीर तक्रार केली. सावित्रीबाई फुले मात्र १० मार्च १८९७ रोजी रुग्णसेवा करताना प्लेगनेच गेल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, अब्रू, पुरावा आणि शुश्रूषा अशी तीन वेगवेगळी मापे वापरात होती; उत्तरकालीन कथनाने त्यांतील पहिलेच प्राधान्याने जपले.

म्हैसूर संस्थानात प्लेग १८९८ मध्ये पोहोचला. तेथे गादीवर एतद्देशीय राजघराणे होते, तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये श्रीरंगपट्टणनजीक गंजाम येथे प्लेगनियमांविरुद्ध दंगल उसळली. परकी सत्ता हेच प्रक्षोभाचे एकमेव कारण मानणाऱ्या विवेचनाला ही घटना छेद देते. पुढे १९०३ मध्ये म्हैसूर शहरासाठी नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. साथीचा विचार आता रुग्णाच्या घरापुरता न राहता रस्ता, गटार आणि वस्तीची आखणी यांच्याशी जोडला जाऊ लागला.

याच प्रांताच्या ग्रामीण भागात एस. एल. भैरप्पा यांची ‘गृहभंग’ (१९७०) ही कन्नड कादंबरी घडते. दीर्घकाळ म्हैसूरला राहिलेल्या या लेखकाने बालपणी प्लेगमध्ये आई आणि भावंडे गमावली होती. कादंबरीतील नंजम्मा नाकर्त्या नवऱ्याच्या वतीने गावच्या शानभोगकीचे हिशेब लिहिते. साथ येताच गाव ओस पडते आणि माणसे रानात झोपड्या घालून राहतात. येथे दारात बंदूकधारी शिपाई नाही. निर्बंध अनुभवातून आलेल्या शहाणपणाचा आहे. पण म्हणून तो फुकटचा नाही. झोपडी उभारायची, धान्य हलवायचे, पोरांना सांभाळायचे, हा सारा भार घर चालविणाऱ्या बाईवर पडतो. पार्वती आणि रामण्णा ही मुले लागोपाठ दगावतात, कालांतराने नंजम्माही त्याच रोगाने जाते. सरकारी वसुलीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या घराचा हिशेब कोणत्याही वहीत मांडला जात नाही, हा या कादंबरीचा खरा विषाद आहे.

यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) मध्ये हेच सूत्र उलट दिशेने येते. तेथे निर्बंध शास्त्राचा आहे : नारणप्पाच्या प्रेताला अग्नी मिळेपर्यंत अग्रहाराने अन्न घ्यायचे नाही. नियमाचा अर्थ ग्रंथांत शोधला जात असताना उंदीर मरत राहतात आणि माणसे उपाशी बसतात. अखेर चंद्री एका मुसलमान मासेविक्याच्या मदतीने रात्री दहन उरकते. ज्या नियमाचा रोगाच्या कारणाशी संबंध नाही, तो किंमत पुरेपूर वसूल करतो आणि संरक्षण मात्र देत नाही.

समकालीन वृत्तपत्रीय लेखन आणि अनेक दशकांनंतरची कादंबरी एकाच तराजूत तोलता येत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. वृत्तपत्राला सत्तेला जाब विचारायचा असतो. कादंबरीला जाब कोणाला विचारावा हेच निश्चित नसते. तथापि याच भेदात तुलनेचे फलित आहे. पुण्याचे लेखन निर्बंध कोणी आणि कसा लादला, हे विचारते. म्हैसूर प्रांतातील कादंबऱ्या विचारतात, निर्बंध कशासाठी आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर? २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत शेकडो मैल पायी निघालेल्या मजुरांनी हा दुसरा प्रश्न देशापुढे ठेवला. साथ मोकाट सोडली तरी घर मोडते, हे नंजम्माच्या घराने दाखविले आहेच. म्हणून निर्बंध नाकारणे हे उत्तर नव्हे. ज्यांच्यावर भार पडतो त्यांचे नाव जमाखर्चात आधीच लिहिले जावे, एवढी मागणी मात्र या साहित्यातून निश्चितपणे पुढे येते. मराठीच्या प्लेगविषयक स्मृतीचे पुनर्वाचनही याच मागणीच्या प्रकाशात व्हावयास हवे.