समुद्र नेतो, समुद्र देतो : दोन आयरिश कृतींविषयी

मंडळाच्या मागच्या बैठकीत एक प्रश्न अर्धवट राहिला : ललित लेखन इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत धरावं? इंदूरहून समुद्र लांब खरा, पण त्या निमित्ताने दोन आयरिश कृतींबद्दल लिहितो.

पहिली, जॉन मिलिंग्टन सिंग यांची एकांकिका 'रायडर्स टू द सी'. १९०४ साली ती डब्लिनला रंगमंचावर आली. सिंग डब्लिनकडचे, १८९८ पासून ते ॲरन बेटांवर जाऊन राहत. यातली म्हातारी मॉर्या सासरा, नवरा आणि सहाही मुलगे गमावते. मायकेलचं प्रेत दूर डॉनेगलला मिळतं आणि बहिणी ते ओळखतात मोज्यातल्या सुटलेल्या चार टाक्यांवरून. वाचताना गलबलून येतं.

पण एक गोष्ट नजरेतून निसटते. शेवटचा मुलगा बार्टली गॉलवेच्या बाजारात घोडे विकायला निघालेला असतो. पुढे पंधरा दिवस होडी नाही, म्हणून आजच जायचं. त्याचा जीव समुद्राइतकाच या पोटाच्या गरजेने घेतला. सिंग हे सांगतात, पण ओझरतं. त्यांचा समुद्र फक्त नेतो.

दुसरं, टोमास ओ'क्रोहन यांचं आत्मचरित्र. १९२९ साली आयरिश भाषेत निघालं. मी रॉबिन फ्लॉवर यांचा १९३४चा इंग्रजी अनुवाद वाचला. लेखक ग्रेट ब्लास्केट बेटावरचेच कोळी. त्यांचा समुद्र कोठारही आहे : शेवंड, सील, फुटलेल्या जहाजांचं लाकूड. १९०९ मध्ये एका बुडत्या तरुणीला वाचवायला गेलेला त्यांचा मुलगा तिच्यासोबतच गेला. ते दुःख ते थोडक्यात सांगतात आणि पुन्हा कामाकडे वळतात.

मग बेटावरच्याचंच खरं मानायचं का? इतकं सोपं नाही बरं का. ब्रायन केली या पाहुण्याने गॉर्की नि लोती वाचून दाखवले, लिहा म्हणून मागे लागला, तेव्हा कुठे हे पुस्तक झालं. म्हणजे आतल्या माणसालाही बाहेरचा ऐकणारा लागला.

माझं मत असं : सिंग यांच्याकडून किनाऱ्यावरची भीती घ्यावी, ओ'क्रोहन यांच्याकडून रोजचा हिशेब. एकट्या एकांकिकेवर विसंबलो, तर बेटावरची माणसं फक्त मरताना दिसतील, जगताना नाहीत. १९५३ साली ब्लास्केट रिकामं झालं. त्या जगण्याचा दाखला आता अशाच पुस्तकांत उरला आहे.