गवताचा भाव

बी.कॉम.ला आम्हांला शिकवलं होतं, की मालाची किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते. पुढं बँकेत चिकटलो आणि कळलं, की ती फॉर्मातल्या रकान्यावर ठरते. 'मालाचा प्रकार' या रकान्यात काय लिहिलंय ते आधी पाहायचं. माल नंतर, वेळ उरला तर.

तुम्ही म्हणाल, ही कारकुनी थट्टा झाली. बरं, मग आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा बांबूच घ्या. वनस्पतिशास्त्राच्या लेखी तो गवत, म्हणजे आमच्या धानाचा चुलतभाऊ. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यातली 'झाडा'ची व्याख्या वाङ्मय म्हणून वाचावी अशी आहे. ताड झाड, बांबू झाड, वेत झाड, झुडूप झाड. इतकंच काय, तोडल्यावर उरलेला खुंटही झाडच! एवढी कल्पनाशक्ती आमच्या नवकवींकडंही नाही. दोष एकच. या काव्यात रानात राहणारा माणूस कुठंच दिसत नाही. बांबू झाड ठरला आणि वनखात्याच्या वहीत गेला. शेजारच्या गावानं तो विकला तर गुन्हा.

2006 च्या वनहक्क कायद्यानं त्याच बांबूला 'गौण वनोपज' म्हटलं. आता गंमत पाहा. झाडाचा गौण झाला, म्हणजे हुद्दा उतरला. पण हुद्दा उतरताच मालकी गावाकडं आली! धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू जागचा हलेना. मालक गाव, वाहतुकीचा परवाना वनखात्याचा. म्हणजे पैसे आपले आणि चेकबुक मॅनेजरच्या खणात! अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. रान तेच, बांबू तोच. फक्त पुस्तक या हातातून त्या हातात गेलं, आणि बांबूचा भाव गावाच्या पदरात पडला.

म्हणून कुणी वस्तूचं किंवा माणसाचं मोल सांगू लागला, की मी आकडा ऐकत नाही. रकाना कुणी भरला आणि पुस्तक कुणाच्या खणात आहे, एवढंच विचारतो.

2017 च्या दुरुस्तीनं त्या जुन्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्दही गेला. गवत हे झाड नव्हे, एवढं कबूल करायला नव्वद वर्षं लागली. पासबुकातली वेलांटी दुरुस्त करून घेतलेल्यांना हा वेग बराच वाटेल. खुंट मात्र अजून झाडच आहे. बिचाऱ्याची ग्रामसभा नसावी.