नवा कर्नल खरंच चालू आहे का? दोन मार्गदर्शिका आणि एक गुरुवार

सिस्टिम्समध्ये पीएचडी करायचा विचार असलेले ज्युनिअर भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो: कर्नल कंपाइल करायला शिकू कुठून? मी दोन गोष्टी सुचवतो. एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं 'लिनक्स कर्नल इन अ नटशेल' हे २००६ चं पुस्तक. दुसरी, कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांमध्ये थॉर्स्टन लीमहुइस यांनी २०२४ मध्ये घातलेली मार्गदर्शिका; एखादा बिघाड नेमक्या कुठल्या बदलामुळे आला हे कसं शोधायचं, ते त्यात आहे. दोन्ही फुकट वाचायला मिळतात. आज मात्र या दोन्हींवर थोडी टीका करायची आहे. दोन्हींत एक फट आहे, आणि ती मला पंधरा दिवसांचं मोजमाप वाया घालवून कळली.

आधी पुस्तक. ते २.६.१८ या कर्नलच्या काळातलं आहे, त्यामुळे काही भाग जुना झालाय. तरी त्याची शिस्त अजून उपयोगी आहे. बिल्ड कधीही रूट म्हणून करू नका, रूटचे अधिकार फक्त इन्स्टॉल करताना घ्या, हे तो माणूस ठणकावून सांगतो. जुना कर्नल पुसू नका, अडचण आली तर मेनूतून तोच निवडा, हेही सांगतो. भाषा साधी आहे आणि वाचणारा प्रोग्रामर असलाच पाहिजे असं गृहीत धरलेलं नाही.

पण त्याची पायऱ्यांची साखळी कुठे संपते बघा. कॉन्फिगर करा, मेक करा, मॉड्यूल टाका, मेक इन्स्टॉल करा, बूटलोडरला कळवा, रीबूट करा, नवा कर्नल वापरून बघा. संपलं. रीबूट केलं म्हणजे नवा कर्नल आला, हे धरून चाललेलं आहे. घरच्या वापरासाठी ते ठीक आहे. साउंड कार्ड चालायला लागलं की कर्नल आला हे कळतंच. संशोधनात मात्र आपण सहसा डोळ्यांना दिसणारा बदल करत नाही. शेड्युलरमधल्या चार ओळी बदलतो आणि परिणाम आलेखात शोधतो. जुना कर्नल चालू असला तरी मशीन गुण्यागोविंदाने चालतं आणि आकडे येतच राहतात.

माझं झालं ते असं. कोथरूडमध्ये पौड रोडच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली, तिथे एक जुना डेस्कटॉप. त्यावर उबुंटू २४.०४, म्हणजे मूळ कर्नल ६.८ चा. माझा बदल ६.६ वर, कारण ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती. इन्स्टॉल केलं, रीबूट केलं, ग्रबच्या मेनूत जाऊन हाताने ६.६ निवडला, 'युनेम -आर' मारून खात्री केली. माझंच नाव. छान. मोजमापाची स्क्रिप्ट मशीन चालू झालं की आपोआप सुरू व्हावी असं लावलं आणि विसरून गेलो.

गुरुवारी वीज गेली. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाणं यात बातमी काहीच नाही. वीज आल्यावर मशीन आपोआप चालू झालं, स्क्रिप्ट सुरू झाली, मी कॉलेजात होतो.

पंधरा दिवसांनी आलेख काढला. माझा बदल सुरुवातीला स्पष्ट फायदा देत होता आणि मग तो फायदा नाहीसा झाला. आता गंमत बघा: मी त्याचं स्पष्टीकरणही तयार केलं! डिस्क भरत गेली, कॅशेचं वर्तन बदललं, म्हणून परिणाम मावळला. दोन पानं लिहिली. गाइड मॅडमनी वाचली आणि एकच विचारलं, "दुसऱ्या आठवड्यात कर्नल कुठला होता?" मी म्हटलं, तोच. त्या म्हणाल्या, "तोच म्हणजे? कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. नशिबाने लिनक्सने लिहून ठेवलं होतं. 'लास्ट रीबूट' ही कमांड प्रत्येक बूटच्या नोंदीसमोर कर्नलची आवृत्ती दाखवते. गुरुवार दुपारपासून पुढे सगळीकडे ६.८.

कारण साधं आहे. ग्रबची यादी तयार होताना कर्नल आवृत्तीनुसार लावले जातात, मोठा आकडा वर. काही निवडलं नाही तर पहिली नोंद बूट होते. ६.८ हा ६.६ पेक्षा मोठा. 'मी नंतर इन्स्टॉल केला' याला तिथे किंमत नाही. त्यात मशीनवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर उबुंटू मेनू दाखवतही नाही. आपण एकदा हाताने केलेली निवड फक्त त्या एका बूटपुरती होती.

ही जात तशी जुनीच. पूर्वीचा लिलो हा बूटलोडर कर्नल डिस्कवर नेमका कुठे आहे त्या जागा नोंदवून ठेवायचा. नवी फाइल ठेवून 'लिलो' पुन्हा चालवायला विसरलात तर तो जुन्याच जागा वाचायला जायचा. आज रूपं वेगळी. बूटचं वेगळं विभाजन माउंट केलेलंच नसतं आणि कर्नल रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. दोन लिनक्स असतात आणि ग्रब दुसऱ्याचा असतो. किंवा प्रयोग डॉकरमध्ये चालतो, जिथे कर्नल यजमान मशीनचाच असतो.

आता लीमहुइस यांची मार्गदर्शिका. ती इथे खूपच पुढे आहे. बिल्ड झाल्यावर कर्नलचं पूर्ण नाव एका फाइलमध्ये लिहायचं, रीबूटनंतर त्या फाइलची शेवटची ओळ आणि 'युनेम -आर' जुळतंय का बघायचं. ही पायरी याच मार्गदर्शिकेत ठळकपणे यावी, हा योगायोग वाटत नाही. बदल शोधायचं हे काम अर्ध्या-अर्ध्याने चालतं. दहा हजार बदलांमधून दोषी शोधायला साधारण चौदा कर्नल बांधून तपासावे लागतात. त्यातल्या एका वेळी चुकून जुना कर्नल बूट झाला आणि तुम्ही 'बरा आहे' असं उत्तर दिलंत, तर दोषी असलेला अर्धा भागच फेकला जाऊ शकतो. पुढची सगळी उत्तरं प्रामाणिक असूनही निष्कर्ष खोटा. म्हणजे ज्याला कर्नल बांधणं हा प्रयोग वाटतो, तोच पडताळणी लिहितो.

माझ्या तक्रारी दोन. पहिली, ही तपासणी 'हवी असल्यास करा' अशा सौम्य सुरात येते. ती सक्तीची हवी. दुसरी, ती बूटनंतर एकदाच होते. त्या मार्गदर्शिकेच्या कामाला तेवढं पुरतं, कारण तिथे माणूस समोर बसलेला असतो. आपलं मोजमाप मात्र आपण नसताना चालतं. माझी एकदा केलेली तपासणी खरीच होती; ती गुरुवारपर्यंत खरी होती.

म्हणून मी आता काय करतो, ते थोडक्यात:

१. प्रत्येक बिल्डआधी बदल गिटमध्ये कमिट करतो आणि आवृत्तीच्या नावात कमिटचा क्रमांक येऊ देतो. कमिट न करता बांधलं तर नावाला फक्त 'डर्टी' चिकटतं, आणि दोन वेगळे डर्टी कर्नल एकाच नावाने फिरतात.

२. स्क्रिप्टची पहिली ओळ: अपेक्षित नाव आणि 'युनेम -आर' जुळलं नाही तर थांब. मोजूच नको.

३. प्रत्येक फेरीच्या आकड्यांसोबत कर्नलचं नाव, बूटची कमांड लाइन आणि बूट आयडी लिहिला जातो. बूट आयडी दर बूटला बदलतो, त्यामुळे मधे मशीन बंद पडलं होतं हे लपत नाही.

४. माझा कोड खरंच चालतोय याची एक खूण डीमेसेजमध्ये छापतो. कर्नल बरोबर असूनही कॉन्फिगमध्ये पर्याय बंद राहिलेला असू शकतो.

हे कर्नलवाल्यांपुरतं नाही. २००९ मध्ये मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की प्रोग्रामच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा आकार बदलला तरी मोजमापाचा निष्कर्ष बदलू शकतो. तिथे निदान प्रोग्राम तरी तोच होता. माझ्याकडे अर्धा वेळ प्रयोगच चालू नव्हता, आणि तरीही माझ्याकडे स्पष्टीकरण तयार होतं. मला भीती वाटते ती याचीच. आकडे आले की त्यांना कारण जोडायला आपण फार पटकन तयार होतो.

तर, ज्युनिअर मंडळी, पुस्तक वाचाच. मार्गदर्शिकाही वाचा. फक्त 'रीबूट करा' या ओळीखाली पेन्सिलीने एक ओळ स्वतः लिहून ठेवा: कुठला कर्नल, आत्ता? आणि मशीनला एक यूपीएस घ्या. मी घेतलाय.